जिवंत चारा, जागता रेडिओ

पाऊस ओसरला, नारळी पौर्णिमेचा नारळ दर्यात गेला की कोकणातल्या खाड्यांत आणि खाडीच्या तोंडावर गरवणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. पूर्वी ही हौस जेटीवर किंवा खडपावर बसून भागायची. आता अलिबागपासून मालवणपर्यंत पंधरा-अठरा फुटांच्या फायबर होड्या घेऊन, मागे आउटबोर्ड मशीन लावून दोन-चार मैल बाहेर जाणारे बरेच दिसतात. काठी, रीळ, फिशफाइंडर यांवर मंडळी सढळ हाताने खर्च करतात. चाऱ्याची टाकी आणि रेडिओ यांचं मात्र ‘बघू, जमेल तसं’ असतं.

हा लेख त्या दोन गोष्टींबद्दल आहे, आणि त्या एकत्र घेण्यामागे कारण आहे. बहुतेक लहान होड्यांत टाकीचा पंप आणि रेडिओ एकाच बॅटरीवर चालतात. चारा दिवसभर जिवंत ठेवण्याच्या नादात बॅटरी उतरते आणि ते लक्षात येतं मशीन बंद पडल्यावर, मदतीसाठी रेडिओचं बटण दाबल्यावर. त्यामुळे चाऱ्याची व्यवस्था हा मासे मिळण्याचा जेवढा प्रश्न आहे, तेवढाच सुखरूप घरी परतण्याचाही आहे.

कोणत्या माशाला कोणता चारा

ऑगस्ट-सप्टेंबरात खाडीचं पाणी गढूळ असतं. अशा पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदी रेषेवर जास्त भिस्त ठेवतो. पाण्यातली बारीकशी थरथर त्याला या रेषेने कळते. जिवंत चारा थरथरतो, दचकतो, पळायला बघतो. मेलेला तुकडा फक्त वास देतो. पाणी गढूळ असताना जिवंत चाऱ्याचा फरक सर्वांत ठळक दिसतो तो यामुळेच.

जिताडा आणि तांबोशी कांदळवनाच्या कडेला, पुलाच्या खांबांपाशी, बुडालेल्या झाडाच्या आसपास दबा धरून असतात. त्यांना जिवंत कोळंबी किंवा वीतभर बोय द्यावी. रावस खाडीच्या तोंडाशी कोळंबीवर येतो. पालू आणि कोकर यांना बारीक कोळंबी किंवा छोटा खेकडा पुरतो. बाहेरच्या खडकांवर गोबऱ्यासाठी बोय किंवा बांगडा तळाशी सोडतात. सुरमईला वरच्या पाण्यात मोकळा पोहणारा बांगडा किंवा तारली हवी.

टिकाऊपणात या सगळ्यांत बोय सर्वांत दणकट. खाडीतल्या कमी-जास्त खारेपणाची तिला सवय असते आणि थोडं धसमुसळं हाताळणंही ती सोसते. कोळंबी मध्यम. बांगडा आणि तारली सर्वांत नाजूक. हे मासे सतत पोहत राहणारे. त्यांना प्राणवायू जास्त लागतो आणि अंगाचे खवले निघाले की ते फार वेळ टिकत नाहीत. नवशिक्याने बोय आणि कोळंबीपासूनच सुरुवात करावी. काही जण गोड्या तलावातली चिलापी आणतात. ती तग धरते खरी, पण ती परकी जात आहे आणि निमखाऱ्या पाण्यातही जगते. उरलेली चिलापी खाडीत सोडू नये.

आणखी एक पथ्य: शेततळ्यातली कोळंबी चारा म्हणून वापरू नये. व्हाइट स्पॉट हा विषाणू माणसाला काही करत नाही, पण कोळंबीला झपाट्याने मारतो. रोगट कोळंबी गळाला लावून पाण्यात टाकली तर तो खाडीत पसरू शकतो. ज्या खाडीत गरवायचं, तिथलाच चारा घेतलेला बरा.

चारा कसा मिळवावा

सुकतीचा शेवटचा तास यासाठी उत्तम. बाजूच्या ओहळांतून आणि चिखलाच्या चरांतून पाणी उतरतं, तशी बोयीची पिल्लं आणि कोळंबी मुख्य प्रवाहाच्या कडेला गोळा होतात. तिथे पाग टाकला की दोन-तीन फेकांत दिवसाची बेगमी होते. पाग येत नसेल तर खाडीत डोल लावणाऱ्यांकडून कोळंबी मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात वाहतं आणि डोलीत माल भरपूर येतो, पण ती कोळंबी जाळ्यात दबलेली असते. अष्टमीच्या भांगाला ओढ कमी असते. माल कमी मिळतो, पण जिवंत मिळतो.

विकत घेताना कोळंबी उजेडात धरून पाहावी. अंग काचेसारखं आरपार दिसलं, मिशा शाबूत असल्या आणि शेपूट पंख्यासारखी फाकली तर ती चालेल. अंग दुधाळ, पांढरट झालं असेल तर ती तासाभराची पाहुणी. बोय घेताना खवले निघालेली, अंगावर लाल चट्टे आलेली बाजूला काढावी. एक मेलेला मासा टाकीतलं पाणी बिघडवतो आणि मग बाकीच्यांचीही रांग लागते.

कोरड्या हाताने मासा धरू नये. अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं संरक्षण असतं. तो पुसला गेला की मासा टिकत नाही. बारीक मऊ जाळीच्या झोळणीने उचलावा, तेही शक्यतो एकदाच. रात्री मोठे एलईडी दिवे लावून चारा गोळा करण्याचा मोह टाळावा. महाराष्ट्रात एलईडी मासेमारीला बंदी आहे, आणि हौशी माणसालाही त्यातून सूट नाही.

टाकीतलं पाणी

चारा टाकीत मरतो तो तीन कारणांनी: प्राणवायू कमी पडतो, पाणी तापतं, किंवा माशांच्याच उत्सर्गातून अमोनिया साठतो. तिन्ही कारणं एकमेकांना बळ देतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात २० अंश तापमानाला साधारण ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम ६.२. शिवाय पाणी तापलं की माशाचा श्वास वाढतो, म्हणजे प्राणवायूची गरज वाढते आणि साठा घटतो. ऑक्टोबरच्या उन्हात उघड्यावर ठेवलेली काळी बादली अर्ध्या तासात का बिघडते, त्याचं उत्तर यात आहे.

टाकी गोल असावी. चौकोनी टाकीत मासे कोपऱ्यात कोंबले जातात आणि नाकं घासून घेतात. निळा प्लॅस्टिकचा ड्रम कापून उत्तम टाकी होते, फक्त त्यात आधी रसायन नव्हतं याची खात्री करावी. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, तांब्या-पितळेची नळी किंवा जोड टाकीत नको. या धातूंचा अंशही कोळंबीला मारक ठरतो. गर्दीचा ढोबळ हिशेब असा ठेवावा: वीतभर बोय असेल तर चार लिटरला एक, बोटाएवढी कोळंबी असेल तर वीस लिटरला पंचवीस-तीस, तेही बुडबुडे सोडणारा एअर पंप चालू असताना. पन्नास बोया ठासून भरण्यापेक्षा दहा तरतरीत बोया जास्त मासे देतात.

पाणी कुठून भरावं, यालाही महत्त्व आहे. जेटीपाशी पाण्यावर डिझेलची झिलई असते, तिथे टाकी भरू नये. पावसाळ्याच्या शेवटी नदीचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे वर तरंगतं आणि खारं खाली राहतं. अशा वेळी बादली वरवर न बुडवता हातभर खालून पाणी घ्यावं. खाडीतून बाहेर पडताना खारेपणा वाढत जातो. तेव्हा सगळं पाणी एकदम न बदलता दर अर्ध्या तासाला एक तृतीयांश बदलावं. पाण्यावर न फुटणारा फेस साठू लागला की पाणी बदलायची वेळ झाली, असं समजावं.

बर्फ थेट टाकीत टाकू नये. नळाच्या पाण्याच्या बर्फातून क्लोरीन येतो आणि पाणी गोडं होत जातं. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून, झाकण घट्ट लावून ती बाटली टाकीत तरंगत ठेवावी. एक विरघळली की दुसरी. पाणी एकदम गार करायचं नाही, दोन-तीन अंशांचा उतार पुरे. टाकीवर ओलं गोणपाट टाकलं तर ऊनही अडतं आणि उडी मारून बाहेर पडणारी बोयही अडते.

टाकीत हात घालण्याआधी तो समुद्राच्या पाण्यात धुवावा. डास पळवणारं मलम, उन्हासाठी लावलेलं क्रीम, पेट्रोल, तंबाखू हे सगळं हातावाटे टाकीत उतरतं. ‘सकाळी चांगले होते, नऊ वाजता एकदम मेले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हात न धुणं असतं.

गळावर लावण्याची हातोटी

कोळंबीच्या डोक्यावर पुढे आलेली दातेरी सोंड असते. कोळंबी पाठीकडून दोन बोटांत अलगद धरून उजेडाकडे केली की सोंडेच्या मुळामागे, कवचाच्या आत, एक काळपट ठिपका दिसतो. गळ त्या ठिपक्याला लागला की कोळंबी जागच्या जागी थंड होते. गळाचं टोक ठिपक्याच्या पुढून, सोंडेच्या मुळातून आडवं आरपार काढावं. कोळंबीने पाय हलवत शेपटीचा फटका मारला तर जमलं म्हणायचं. अशी कोळंबी बराच वेळ पोहते. ओढ जोराची असेल किंवा लांब फेकायचं असेल तर शेपटीच्या शेवटच्या पेरातून गळ घालावा. तो जास्त पक्का बसतो. कोळंबीला १/० किंवा २/० मापाचा, बारीक तारेचा गळ घ्यावा. जाड गळाच्या वजनाने ती बुडते आणि दमते.

बोयीचं गणित होडी काय करते त्यावर ठरतं. होडी वाहत असेल किंवा हळू चालत असेल तर गळ दोन्ही नाकपुड्यांतून किंवा वरच्या ओठातून घालावा, म्हणजे बोय तोंड पुढे करून सरळ येते. नांगर टाकून बसला असाल तर पाठीवरच्या परापुढे, कण्याच्या वर गळ घालावा. बोयीने खांबाकडे किंवा खडकाकडे लांब पोहत जावं असं वाटत असेल तर शेपटीच्या अलीकडे, खालच्या बाजूला. माप ४/० ते ६/०.

जिताड्यासाठी दोऱ्याच्या टोकाला ४० ते ६० पौंडी जाड तंगुसाचा लीडर हवाच. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि बारीक दोरा तिथेच तुटतो. सुरमईला तर तंगूसही पुरत नाही, वीतभर पोलादी तार लागते. सर्कल हुक वापरत असाल तर मासा लागल्यावर काठीला हिसका द्यायचा नाही. दोरा ताणला जाऊ द्यावा, हळूहळू रीळ फिरवावं. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. यामुळे सोडायचा मासा जिवंत सोडता येतो. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात. एखादी मोठी मादी सोडून दिली तर खाडीचं भलंच होतं.

जागेचंही भान ठेवावं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरातल्या त्याच्या गाभा क्षेत्रात गरी टाकायला जाऊ नये. समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं. तिथे मासे भरपूर असतात हे खरं, पण तिथे जाणं हा गुन्हा आहे.

रेडिओ: मोबाइल असताना कशाला?

किनाऱ्याजवळ मोबाइल चालतो, आणि तो जवळ ठेवावाच. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक त्यात आधीच साठवावेत. पण मोबाइलवरून तुम्ही एकाच माणसाशी बोलता. सागरी व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ उघडून बोललात तर टप्प्यातल्या प्रत्येक होडीला, ट्रॉलरला आणि जहाजाला ते ऐकू जातं. समुद्रात पहिली मदत बहुधा जवळच्या होडीकडून येते, आणि त्या होडीतल्या तांडेलाचा मोबाइल नंबर तुमच्याकडे नसतो.

चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. जगभर तो संकट, सुरक्षा आणि हाक मारण्यासाठी राखलेला आहे. त्यावर गप्पा मारायच्या नाहीत. दुसऱ्या होडीला हाक मारावी, तिने ओ दिली की ७२ किंवा ७७ अशा होडी-ते-होडी चॅनलवर जावं. तुमच्या बंदरातले लोक कोणत्या चॅनलवर बोलतात ते आधी विचारून घ्यावं. बोलून झालं की परत १६.

हातातला सेट की होडीत बसवलेला? हातातला सेट ५-६ वॉटचा, बसवलेला २५ वॉटचा. पण वॉटपेक्षा अँटेनाच्या उंचीला महत्त्व जास्त. व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईमागे फारशा वळत नाहीत. अँटेना मीटरमध्ये जेवढी उंच असेल त्याचं वर्गमूळ काढून त्याला २.२ ने गुणलं की सागरी मैलांतला टप्पा येतो, आणि दोन्ही टोकांचे टप्पे मिळवायचे. होडीत बसून हातात सेट धरला तर उंची मीटरभर, म्हणजे टप्पा दोन मैल. समोरचाही तसाच बसलेला असेल तर दोघांमधलं अंतर चार मैलांच्या आत हवं. होडीवर तीन मीटर उंचीवर अँटेना लावली तर तुमच्या बाजूचे जवळजवळ चार मैल होतात. समोर किनाऱ्यावर शंभर मीटर उंचीचा मनोरा असेल तर त्याचे बावीस मिळून सव्वीस. म्हणून हातातल्या सेटवरून बोलताना उभं राहणं सुरक्षित असेल तरच उभं राहावं, आणि सेट सरळ उभा धरावा.

लहान होडीसाठी मीटरभर लांबीची ३ डीबी अँटेना चांगली. सहा डीबीची लांब अँटेना शक्ती अरुंद पट्ट्यात पाठवते. होडी डोलली की तो पट्टा कधी पाण्यात, कधी आभाळात जातो. केबलच्या जोडांत खारं पाणी शिरलं की आत हिरवा गंज चढतो आणि सेट चालू दिसूनही आवाज पोहोचत नाही. जोडांवर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळावी आणि मोसमाच्या सुरुवातीला ते एकदा उघडून पाहावेत. हातातला सेट आयपीएक्स ७ दर्जाचा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा घ्यावा आणि जॅकेटला दोरीने बांधावा. होडी उलटली तर बसवलेला सेट होडीबरोबर जातो. अंगावरचा सेट तुमच्याबरोबर राहतो.

परवाना आणि काही सापळे

भारतात सागरी व्हीएचएफ सेट वापरायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. अर्ज ‘सरल संचार’ या संकेतस्थळावर होतो. सेट घेण्याआधी विक्रेत्याला परवान्याची कागदपत्रं आणि सेटची मंजुरी यांबद्दल विचारावं. सेटमध्ये डीएससीची, म्हणजे बटणावर संकटसंदेश आपोआप पाठवण्याची, सोय असेल तर होडीसाठी नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक घ्यावा. भारतीय क्रमांक ४१९ ने सुरू होतात. तो भरला आणि सेटला जीपीएस जोडलं की लाल बटण दाबून धरताच तुमची ओळख आणि जागा चॅनल ७० वरून आपोआप जाते. बटण चुकून दाबलं गेलं तर सेट नुसता बंद करून गप्प बसू नये. चॅनल १६ वर येऊन ‘चुकून झालं, रद्द समजा’ असं सांगावं.

बाजारात स्वस्त मिळणारे वॉकी-टॉकी हा पहिला सापळा. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना मोकळा आहे, पण त्यावरचे सेट चॅनल १६ शी बोलूच शकत नाहीत. दोन होड्यांतल्या मित्रांना ते चालतील, संकटात उपयोग नाही. दुसरा सापळा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांचा. अमेरिका-युरोपात सर्रास वापरले जाणारे उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं भारतात परवानगीशिवाय आणता येत नाहीत. गोव्यासह काही विमानतळांवर त्यावरून लोकांना अटकही झाली आहे. दुबईहून आलेल्या भावाने प्रेमाने दिलं म्हणून ते होडीत ठेवू नये.

मासेमारीसाठी नोंदवलेल्या होड्यांना सरकारी व्यवस्थेचा आधार आहे. इस्रोने विकसित केलेलं डीएटी हे संकटसंदेश देणारं यंत्र २०१० पासून वापरात आहे. त्याच्या दुसऱ्या पिढीत संदेश पोहोचल्याची पोचही होडीवर मिळते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर इथे यांत्रिक आणि मोटर लावलेल्या एक लाख होड्यांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. तुमची होडी नोंदलेली असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे याची चौकशी करावी. हौशी होडीवाल्यांनी ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसूचक बीकन घेतला तर तो बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात नोंदवून घ्यावा. नोंद नसलेला बीकन वाजला तर शोधणाऱ्यांना तो कोणाचा हे कळत नाही.

संकटात काय बोलायचं

घाबरलेला माणूस आधी ‘वाचवा’ म्हणतो आणि जागा शेवटी सांगतो, किंवा सांगतच नाही. म्हणून शब्द आधी पाठ हवेत. जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’. मशीन बंद पडलं आहे, होडी वाहते आहे, पण लगेच धोका नाही, तर ‘पॅन-पॅन’. समजा ‘जलपरी’ नावाची होडी जयगड दीपगृहासमोर पाणी घेऊ लागली आहे. चॅनल १६, पूर्ण शक्ती, बटण दाबून एक क्षण थांबायचं आणि बोलायचं:

“मेडे, मेडे, मेडे. धिस इज जलपरी, जलपरी, जलपरी. मेडे जलपरी. जयगड दीपगृहाच्या पश्चिमेला चार मैल. उत्तर १७ अंश १८ मिनिटं, पूर्व ७३ अंश ७ मिनिटं. होडीत पाणी भरतंय, बुडण्याचा धोका. ताबडतोब मदत हवी. तीन माणसं, तिघांनी लाइफ जॅकेट घातलंय. पांढरी होडी, निळा पट्टा. ओव्हर.”

मग बटण सोडायचं आणि ऐकायचं. उत्तर आलं नाही तर पुन्हा तेच. ‘मेडे’ हा शब्द सगळीकडे कळतो. पुढचं मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तरी चालेल. जवळच्या ट्रॉलरवरच्या खलाशाला तेच लवकर कळेल.

यातल्या आकड्यांत एक मोठी गफलत होते. मोबाइलचा नकाशा जागा दशांश अंशांत दाखवतो, रेडिओ आणि सागरी नकाशे अंश-मिनिटांत. मोबाइलवरचे १७.३० अंश म्हणजे १७ अंश १८ मिनिटं. ते कोणी ‘सतरा अंश तीस मिनिटं’ असं वाचलं तर बारा मिनिटांचा फरक पडतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. शोधणारी नौका तुमच्यापासून बावीस किलोमीटर उत्तरेला जाऊन घिरट्या घालेल. मोबाइलच्या जीपीएस ॲपमध्ये अंश-मिनिटं ही पद्धत निवडून ठेवावी, आणि सांगताना ‘अंश’, ‘मिनिटं’ हे शब्द मोठ्याने उच्चारावेत.

माइक कधी बाकाखाली किंवा दोरीच्या गुंडाळ्यात दबून बटण दाबलेलं राहतं. मग आसपासच्या सगळ्यांसाठी चॅनल १६ बंद पडतो आणि तुम्हालाही काही ऐकू येत नाही. माइक नेहमी त्याच्या खुंटीवरच लावावा.

बॅटरीचा हिशेब

आता मूळ मुद्दा. लहान होडीत साधारण १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचं आयुष्य राखायचं तर निम्मीच वापरावी, म्हणजे हाताशी २० अँपिअर-तास. टाकीत ताजं पाणी खेचणारा पंप सुमारे २ अँपिअर ओढतो. पहाटे सहा ते दुपारी एक, सात तास चालला तर १४ गेले. फिशफाइंडरने त्याच वेळात ५ घेतले. रेडिओ नुसता ऐकत असला तरी ३ लागतात. झाले बावीस, आणि अजून मदतीसाठी बोलणं बाकीच आहे. पंचवीस वॉटवर बोलताना सेट ५ ते ६ अँपिअर मागतो. उतरलेल्या बॅटरीचा दाब त्या क्षणी खाली येतो आणि सेट बोलता बोलता बंद पडतो. हातदोरीने सुरू होणाऱ्या लहान मशीनांत चार्जिंगची सोय बहुधा नसते, म्हणजे भरही पडत नाही.

यावर उपाय साधा आहे. पंपाला टायमर लावावा: एक मिनिट चालू, तीन मिनिटं बंद. चौदाचे साडेतीन होतात. मधल्या वेळेसाठी छोटा एअर पंप ठेवावा, तो जेमतेम अर्धा अँपिअर घेतो. त्याला यूपीएसमध्ये असते तसली ७ अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी द्यावी, सकाळ निभते. मुख्य बॅटरी रेडिओ आणि मशीनसाठी राखावी. रेडिओची तार थेट बॅटरीपासून न्यावी, पंपाच्या स्विचवरून नाही, आणि धन टोकाजवळ सेटच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचा फ्यूज लावावा.

बॅटरीवर नजर ठेवायला मोठा व्होल्टमीटर नको, बोटाएवढा पुरतो. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी झाली की १२.२. तो आकडा डोळ्यांसमोर राहील अशा जागी लावावा.

टाकीचं वजन

टाकीकडे आणखी एका दृष्टीने पाहायला हवं. साठ लिटर समुद्राचं पाणी म्हणजे एकसष्ट-बासष्ट किलो वजन, म्हणजे एक माणूस. फरक एवढाच की होडी कलंडली की हा माणूस त्याच बाजूला धावतो. टाकी मध्यावर, तळाशी आणि पट्ट्याने आवळलेली असावी. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा ओलांडताना, विशेषतः सुकतीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून लाट येत असेल तर लाटा तिथे उभ्या राहतात. अशा वेळी टाकी अर्धी नको; एक तर काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलेली, नाही तर रिकामी. बाहेर पडल्यावर ताजं पाणी भरता येतं.

निघण्याआधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाज पाहावा. थंडीच्या महिन्यांत पहाटे मतलई असते, समुद्र शांत वाटतो. दुपारी खारा वारा चढला की परतीच्या वाटेवर लाटा उठतात. परतीची वेळ त्याआधीची ठरवावी. बंदरावरच्या नोंदवहीत नाव, माणसं आणि परतण्याची वेळ लिहावी, ओळखपत्रं सोबत घ्यावीत, आणि घरच्या कोणाला तरी सांगावं: अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर १५५४ ला कळव.

राहिला एक निर्णय, जो पाण्यात गेल्यावर घेता येत नाही, कारण तेव्हा मासा लागत असतो. तो जेटीवरच घ्यावा आणि बरोबरच्या सगळ्यांना सांगून ठेवावा. मीटरवर १२.२ दिसलं की आधी पाण्याचा पंप बंद, मग फिशफाइंडर बंद, रेडिओ चालू. एअर पंपावर चारा टिकला तर टिकला, नाही तर जिवंत आहे तोवर समुद्रात सोडायचा, गऱ्या गुंडाळायच्या आणि होडीचं तोंड खाडीकडे करायचं. यावर वाद घालायचा असेल तर तो जेटीवर पोचल्यावर.